कडेच्या जोड्या

आमच्या घरात पत्ते चोरून आले नाहीत, पण मानानेही आले नाहीत. माझे वडील, त्यांना मी नाना म्हणायचे, एका शनिवारी कामावरून परतले, सदऱ्याच्या खिशातून पत्त्यांचा कॅट काढून फळीवर ठेवला आणि आईने तोंड उघडायच्या आत म्हणाले, की हे जुगाराचे पत्ते नव्हेत, हा एकट्याने खेळायचा खेळ आहे. आई कणीक मळत होती. तिच्या माहेरी पत्त्यांना हात लावलेला चालत नसे, अगदी गोकुळाष्टमीच्या जागरणालासुद्धा. एकटं खेळतं ते मांजर, एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा परातीकडे वळली. नाना हसले. ते फोर्टातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे, आणि तिथल्या एका ख्रिस्ती कंपॉझिटरने जेवणाच्या सुट्टीत त्यांना हा खेळ शिकवला होता. त्याला ते ‘पेशन्स’ म्हणत. आईला शब्द नीट ऐकू आला नसावा, किंवा ऐकून तिने मुद्दाम बदलला असावा. ती कायम म्हणायची, “तुमचा पेशंट आवरा आता, पानं घ्यायची आहेत.”

आम्ही अंधेरीला स्टेशनपासून बरंच आत, एका बैठ्या चाळीत राहत होतो. दोन खोल्या आणि पुढे पडवी. मागच्या दारापलीकडे भाताची खाचरं होती, खाचरांपलीकडे ताडाची झाडं, आणि वाऱ्याची दिशा बदलली की वर्सोव्याच्या वाळत्या मासळीचा वास थेट स्वयंपाकघरात यायचा. आजच्या अंधेरीत हे सांगितलं तर माझी नातवंडं तोंडाकडे बघतात. मी एकुलती एक. त्यामुळे घरात आवाज असा माझाच, आणि तोही फार नाही. संध्याकाळी शेजारच्या बिऱ्हाडातला रेडिओ लागायचा, आईची पोळपाटावरची लाटण्याची खडखड चालायची, आणि त्यात आता एक नवा आवाज आला. नाना पत्ते पिसत त्याचा. ते दोन्ही हातांनी पानं अशी एकमेकांत सोडत की कबुतर उडाल्यासारखा फडफडाट होई. शनिवार-रविवार दुपारी आणि इतर दिवशी हातपाय धुऊन झाल्यावर, जेवायच्या आधी, ते पडवीत सतरंजी अंथरून डाव मांडायचे.

खेळ सोपा होता. पाच ओळी मांडायच्या, एकेका ओळीत पाच पानं. शेजारी शेजारी आलेली सारखी पानं उचलायची, मग ती आडवी शेजारी असोत, उभी असोत, की तिरकी, कोपऱ्याला कोपरा लागून. दोन सत्त्या, दोन राण्या, दोन एक्के. उचलून झाली की उरलेली पानं पुढे सरकवून मधली भोकं बुजवायची आणि हातातल्या कॅटमधून शेवटच्या जागा भरायच्या. अशा जोड्या जुळत जुळत सगळा कॅट उठला तर डाव सुटला. एकही जोडी दिसेना, तर डाव अडला. सुटायचा क्वचित. नानांना त्याचं काही वाटत नसे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून थकलेल्या माणसाला हे बरं, ते म्हणायचे. इथे चूक कुणाचीच नसते.

मी सातवीत असेन. पहिले कित्येक दिवस मला फक्त बसू दिलं. बघणाऱ्याने बोलायचं नाही, हा नियम. आडवी जोडी कुणालाही दिसते, उभी दिसायला थोडा वेळ लागतो, आणि तिरकी डोळ्यांसमोर असून दिसत नाही. ती दिसायला लागली की माणूस खेळाडू झाला, असं नाना सांगत. मला दोन इस्पिकची पानं एकसारखी वाटायची आणि मी मनात चुकीच्या जोड्या लावायचे. पुढे रंग विसरून नुसता आकडा बघायची सवय झाली. एके दिवशी नानांनी “अडला” म्हणत पानं गोळा करायला हात घातला, आणि मला राहवलं नाही. उजवीकडे, अगदी शेवटच्या दोन ओळींत, एक दश्शी वर आणि एक तिच्या खाली तिरकी होती. मी बोट ठेवलं. नानांनी मान वळवून पाहिलं आणि पाहतच राहिले. मग माझ्या पाठीवर थाप मारली. त्या दिवसापासून नवा नियम झाला, की अडलेल्या डावात बघणाऱ्याला जोडी दिसली तर डाव त्याचा. एकट्याचा खेळ आम्ही असा दोघांचा केला.

त्यानंतर मी जिंकत गेले. नाना “अडला” म्हणायचे आणि मी त्यांच्या समोरची, त्यांनी न पाहिलेली जोडी उचलायचे. त्यांना त्याचा केवढा आनंद व्हायचा हे आठवलं की आजही माझा घास तोंडात फिरतो. चाळीत कुणीही भेटलं की ते माझ्या नजरेचं कौतुक सांगत. छापखान्यात सांगत. रविवारी वर्सोव्याहून आणलेल्या सरंग्याचा मधला तुकडा आई त्यांच्या पानात वाढायची, तो ते उचलून माझ्या पानात टाकत आणि म्हणत, खा, तुझ्या डोळ्यांना हवा. आई सरंगा नुसत्या हळद-मीठ-तिखटात घोळवून तांदळाच्या पिठात तळायची, आणि सोबत कोळंबीचं आंबट. ते जेवण मी जिंकलेल्या माणसासारखी जेवायचे.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मी आयुष्यात बरीच वर्षं टाळाटाळ केली. मला हळूहळू कळलं की नानांना न दिसलेल्या जोड्या वाटेल तिथल्या नसतात. मधल्या जोड्या ते माझ्या आधी बघायचे, तिरक्यासुद्धा. राहून जायच्या त्या कडेच्या. उजवीकडच्या जास्त. डाव बघताना ते कोंबडीसारखी मान वळवून बघायचे, आधी इकडे, मग तिकडे, आणि मान शेवटपर्यंत वळली नाही तर शेवटची उभी रांग जणू मांडलेलीच नसायची. हे का, असा प्रश्न मला पडला नाही. परीक्षेत बाई कुठला धडा विचारतात ते कळलं की मुलं जशी तेवढाच धडा वाचतात, तसं मला वाटलं. मला किल्ली सापडली होती. मी बाकीची पानं बघायचंच सोडलं. नाना खेळत असताना नुसती उजवी कड धरून बसायचे.

आणि मग पानं मांडायचं काम मी मागून घेतलं. नानांनी कौतुकाने दिलं. मी ओळी मोकळ्या मांडू लागले. आधी दोन पानांमध्ये बोटभर जागा, मग दोन बोटं, मग चांगली वीतभर. सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डाव पसरायचा. नाना एकदा म्हणाले, केवढं पसरलंस गं. मी म्हटलं, मला असंच नीट दिसतं. ते “बरं” म्हणाले. मी तेव्हा जे केलं त्याला मी मनात कधी नाव दिलं नाही. पण एवढं नक्की, की पानं पसरताना मला माहीत होतं मी ती कुठे नेते आहे. त्यांना दिसणार नाही अशा ठिकाणी नेते आहे.

घरात इतर गोष्टी घडत होत्या, पण त्या कुणी एकत्र ओवल्या नाहीत. पानाच्या कडेला ठेवलेलं पाण्याचं फुलपात्र नानांच्या हाताने कलंडायचं, आणि आमटी-भातात पाणी शिरलं की आई वैतागायची. “अहो, डोळे कुठे गहाण टाकलेत?” असं ती म्हणायची, आणि नाना ओशाळून फडकं शोधायचे. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागायचा. शेजारच्या कमळाबाई आईकडे कुरकुरल्या, की तुमचे यजमान हल्ली समोरून जातात पण ओळख देत नाहीत, आमचं काही चुकलं का. आईने नानांना विचारलं तर त्यांना ती बाई भेटलेलीच आठवत नव्हती. स्टेशनवरून येताना खाचरातून बांधावरची जवळची वाट होती. अंधार पडू लागला की त्या वाटेने यायचं त्यांनी सोडलं आणि लांबच्या रस्त्याने यायला लागले. कारण विचारलं तर म्हणाले, बांधावर पाणसाप असतात. पडवीतल्या दिव्याला जोर नाही म्हणून त्यांनी मोठा बल्ब आणून लावला. त्या उजेडात ते छापखान्यातून घरी आणलेली मुद्रितं तपासत बसत. मुंगीच्या पायाएवढा अनुस्वार सुटलेला त्यांच्या नजरेला पडायचा. असा माणूस आंधळा होत चालला आहे हे कुणाच्या मनात येईल? आईच्या आलं नाही, कमळाबाईंच्या आलं नाही. माझ्याजवळ मात्र रोज पुरावा होता, आणि तो मी जिंकण्यासाठी वापरत होते.

रविवारी सकाळी नाना मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून वर्सोव्याला न्यायचे. होड्या आलेल्या असायच्या. कोळणी वाटे मांडून बसलेल्या, वाळवणाच्या दोऱ्यांवर बोंबील लटकलेले, आणि नाना एकेका वाट्यापुढे वाकून, मासा नाकाशी धरून, कल्ले उघडून बघायचे. अशाच एका रविवारी आम्ही पापलेटं घेतली. येताना उन्हं चढली होती, पिशवी हँडलला अडकवली होती, आणि रस्ता जवळपास रिकामा. दोन्ही बाजूंना खाचरं होती. उजवीकडून एक गाडीवाट येऊन रस्त्याला मिळत होती, आणि त्या वाटेने पेंढ्याने भरलेली बैलगाडी येत होती. मी तिला लांबूनच पाहिली. पेंढा गाडीच्या बाहेर इतका आला होता की चाकं दिसत नव्हती. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला. नाना पॅडल मारता मारता म्हणाले, “गाडी येतेय वाटतं कुठून तरी.”

कुठून तरी. गाडी उजव्या हाताला, उघड्यावर, भर उन्हात होती. तिच्या आडोशाला झाड नव्हतं की घर नव्हतं. ती बाजू माझ्या ओळखीची होती. शेवटची उभी रांग. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला ते पत्त्यांच्या बाहेर दिसलं. मी ओरडायला हवं होतं. ओरडलेही, पण आधी काही क्षण मी नुसती बघत राहिले. माझा आवाज का आला नाही हे मला आजही सांगता येत नाही. भीतीने आला नसेल. की ओरडले तर मला माहीत होतं हे कळेल, म्हणून? लहान मूल इतक्या थोड्या वेळात इतका विचार करू शकतं का? मी शिक्षिका म्हणून जन्म काढला आहे. माझं उत्तर आहे, की करू शकतं.

“नाना, उजवीकडे,” मी म्हटलं, तेव्हा त्यांनी मान वळवली आणि मानेबरोबर हँडलही वळलं. सायकल थेट बैलगाडीच्या चाकावर गेली. मी पेंढ्यावर आपटून रस्त्यात पडले, मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. नाना हातावर पडले. पापलेटं धुळीत पसरली होती. गाडीवान खाली उतरला, आधी बैल धरले, मग नानांना बसतं केलं, आणि नंतर एकेक मासा उचलून धोतराने पुसून पिशवीत भरला. तो भला माणूस होता. नानांचा हात मनगटापासून भलतीकडे वळलेला बघून त्यानेच त्यांना गाडीत पेंढ्यावर निजवलं आणि डॉक्टरांकडे आणलं. मी गाडीच्या मागून सायकल ढकलत चालले होते. वाटेत तो मला म्हणाला, सायबांनी बघितलंच नाय गो पोरी, मी तर डोळ्यांसमोरून येत होतो.

हेच तो डॉक्टरांनाही म्हणाला. नाहीतर डॉक्टरांनी हात बांधून आम्हाला घरी पाठवलं असतं. ते म्हातारे होते, कमी बोलायचे. त्यांनी हाताला फळ्या बांधल्या, मग नानांना खुर्चीत सरळ बसवलं आणि म्हणाले, माझ्या नाकाकडे बघा, मान हलवायची नाही. स्वतःचा हात त्यांनी बाजूला पूर्ण लांब केला आणि एक बोट हलवत हलवत हळूहळू आत आणू लागले. बोट दिसलं की सांगायचं. मी दाराशी उभी होते. मला बोट दिसत होतं, कंपाउंडरला दिसत होतं. बोट नानांच्या खांद्याच्या रेषेत आलं. कानाच्या रेषेत आलं. नाना शांतपणे डॉक्टरांच्या नाकाकडे बघत, शहाण्या विद्यार्थ्यासारखे वाट बघत बसले होते. बोट जवळजवळ गालापाशी आलं तेव्हा ते म्हणाले, “आलं.” आणि थोडे खूशही झाले, की बरोबर ओळखलं. दुसऱ्या डोळ्याचंही तेच, जरा कमी. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि पापण्यांवरून दोन बोटांनी दाबून पाहिलं, आंबा पिकलाय का बघतात तसं. मग त्यांनी विचारलं की घरात कुणाच्या काही लक्षात आलं नाही का. तोवर आई येऊन पोचली होती, पदराने घाम पुसत. ती नाही म्हणाली. डॉक्टर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, तू मागे बसली होतीस ना, तुला गाडी दिसली होती? मी नुसती होकारार्थी मान हलवली. त्यांना वाटलं मी घाबरले आहे. त्यांनी मला लिमलेटची गोळी दिली. ती मी घरापर्यंत मुठीत धरून नेली आणि मागच्या दाराने खाचरात फेकून दिली.

तो काचबिंदू होता. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांत दाब वाढत जातो, दुखत नाही, खुपत नाही, आणि नजर कडेकडून मध्याकडे मिटत येते, म्हणून माणसाला स्वतःला कळत नाही. ऑपरेशन केलं तर राहिली आहे ती काही काळ टिकवता येईल. गेली ती परत येत नाही. आई त्यांच्यामागे व्हरांड्यात धावत गेली आणि विचारलं, की आधी आणलं असतं तर? ते चालता चालता म्हणाले, आधी आणायलाच हवं होतं. आई परत येऊन बाकावर बसली. ती रडली नाही. “मी रोज त्यांना बोलत होते,” एवढंच म्हणाली, “फुलपात्रावरून.” मी तिच्या शेजारी बसले होते. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर तिचं ओझं निदान अर्धं तरी उतरलं असतं. मी उघडलं नाही. आई मरेपर्यंत ते फुलपात्र स्वतःच्या माथी घेऊन राहिली. त्यानंतर कुणाच्याही हातून काही सांडलं, अगदी माझ्या मुलांच्या हातून, तरी ती एक शब्द बोलत नसे. मुकाट्याने पुसायची.

ऑपरेशननंतर नानांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, तू डाव मांड आणि मला पानं सांग, मी मनात मांडतो. मी म्हटलं मला अभ्यास आहे. दुसऱ्या दिवशीही अभ्यास होता. पट्ट्या सुटल्यावर ते स्वतःच पुन्हा खेळू लागले, पानं अगदी जवळ जवळ, कडांवर कडा टेकवून मांडत, औषधाने मोहरीएवढ्या झालेल्या बाहुल्यांनी बघत. त्या औषधाने त्यांचं कपाळ ठणकायचं. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसायचे आणि पिसलेल्या पानांची फडफड ऐकत राहायचे. ते कधी कधी मोठ्याने “अडला” म्हणायचे. नंतर थोडा वेळ गप्प बसायचे, मी येते का म्हणून. मग पानं गोळा केल्याचा आवाज यायचा. त्यांना वाटलं मी मोठी झाले, मला खेळाचा कंटाळा आला. आईलाही तेच वाटलं. मी फार अभ्यासू निघाले म्हणून सगळ्यांनी माझं कौतुक केलं. त्या कौतुकाखाली मी मान वर काढली नाही आणि तो त्यांना विनय वाटला.

छापखान्याने नानांना काही वर्षं ठेवून घेतलं. सरळ नळीतून बघावं तेवढं त्यांना दिसायचं, आणि त्या नळीत एका वेळी एक शब्द मावायचा. पुढे अर्धा शब्द मावू लागला तेव्हा त्यांनी स्वतःच काम सोडलं. माझं लग्न झालं तेव्हा मंगलाष्टकांना ते आईच्या आवाजाच्या रोखाने अक्षता टाकत होते. नंतर काहीच दिसेनासं झालं. ते कधी चिडले नाहीत, हे मला सगळ्यांत जड गेलं. चिडणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं.

हा आजार रक्तातून उतरतो, हे मला ऑपरेशनच्या वेळीच ऐकून माहीत होतं, म्हणून मी डोळे नेमाने तपासून घ्यायचे. चाळिशी उलटल्यावर एका तपासणीत डॉक्टर म्हणाल्या की तुमच्याही डोळ्यांत दाब वाढला आहे. पण अगदी सुरुवात आहे, नजर पुरी शाबूत आहे, औषध रोज घातलं तर शाबूत राहील. इतक्या लवकर कसं सापडलं याचं त्यांना नवल वाटलं. मी त्यांना सांगितलं की वडिलांना होता. त्यांच्या दवाखान्यातून मी घरी गेले नाही, अंधेरीला गेले. चाळ पाडून तिथे इमारत झाली होती, खाचरं कधीच बुजली होती, आणि नाना दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते. आई आत मोदकांसाठी नारळ खवत होती, दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. मी नानांना डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, की गेलेलं काही नाही ना, सगळं आहे ना. मी म्हटलं, सगळं आहे. तेव्हा त्यांनी हात जोडले, कुणाला ते मला माहीत नाही. आणि त्यांचे जोडलेले हात बघून मला ते गुपित मनात धरवेना.

“नाना, मी पानं मुद्दाम लांब मांडायचे,” मी म्हटलं. “तुम्हाला कडेचं दिसत नाही हे मला कळलं होतं.”

आत खवणीचा आवाज चालू होता. मग नाना म्हणाले, “लांब मांडतेस ते मला माहीत होतं.”

“मग जवळ मांड असं का नाही म्हणालात?”

“जवळ मांडूनही दिसली नसती तर?”

मग ते हळूहळू सांगत गेले. छापखान्यात एक ओळ संपवून दुसरीवर येताना त्यांना ओळीची सुरुवात सापडेनाशी झाली होती. बांधावर एकदा पाय घसरून ते खाचरात उभे राहिले होते आणि घरी येऊन चिखल लागला म्हणून सांगितलं होतं. काहीतरी बिनसलंय हे त्यांना माझ्याइतकंच कळलं होतं. डॉक्टरांकडे गेलं तर डॉक्टर नाव सांगणार, आणि मुद्रितं तपासणाऱ्याच्या डोळ्याला नाव पडलं की संपलं. पानं लांब होती म्हणून दिसली नाहीत, असं स्वतःला म्हणता येत होतं. पोरगी हुशार आहे म्हणून हरलो, असं म्हणता येत होतं. “तुझ्या हुशारीमागे मी लपलो, सुमे,” ते म्हणाले. “एवढ्याशा पोरीच्या मागे. मला वाटायचं हे तुला कधी कळू नये.”

हे खरं होतं, की मला सोडवण्यासाठी त्यांनी तिथल्या तिथे रचलं, याचा निकाल मला अजून लागलेला नाही. ते खोटं बोलणारे नव्हते. पण ते माझे वडीलही होते. आणि खरं धरलं तरी माझ्या वाट्याचं काही कमी होत नाही. त्यांना ठाऊक होतं याने मी पानं लांब मांडली नाहीत असं होत नाही. फक्त तेव्हापासून त्या सतरंजीवर मला दोघं बसलेली दिसतात, आणि दोघांनाही एकच गोष्ट माहीत असते, आणि दोघंही एकमेकांपासून ती लपवून पानं उचलत असतात. आईने आतून विचारलं काय खलबतं चाललीत. नाना म्हणाले, काही नाही, हिला डोळ्यांत औषध घालायला सांगितलंय, चहा टाक.

त्यानंतर रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. नंबर आईकडून फिरवून घ्यायचे. “घातलंस?” एवढंच विचारायचे, आणि मी घातलं म्हटलं की फोन आईच्या हातात देऊन टाकायचे. पाहुणे असोत, मुलांच्या परीक्षा असोत, त्यांचा फोन चुकला नाही. एकदा घरात फार गडबड होती, मी औषध विसरले होते, आणि सवयीने घातलं म्हणाले. पण या वेळी फोन आईच्या हातात गेला नाही. नाना म्हणाले, “घाल मग आता.” मी फोन ठेवला आणि जाऊन घातलं.